गोळीतला कांदा

म्हातारपण अडवता येत नाही, हे मला मान्य आहे. मी विज्ञानाचा शिक्षक होतो. असल्या गोष्टी मान्य करण्याचाच पगार घेत होतो. पण येणाऱ्या म्हातारपणाला थेट दारात न आणता फाट्यावर उतरवावं, आणि तिथून त्यानं आपल्या पायांनी हळूहळू चालत यावं, एवढी व्यवस्था करायला काय हरकत आहे? मी जे केलं ते एवढ्याचसाठी केलं. आमच्या झरी गावात त्याची जी दुसरी कथा सांगतात, की सरांना पुन्हा तरणं व्हायचं होतं, ती खोटी आहे आणि ती व्यंकटरावांनी पसरवलेली आहे.

मुद्दा पोथीच्या गादीचा होता. आमच्या मारुतीच्या मंदिरात आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, म्हणजे चातुर्मासभर, रोज संध्याकाळी पोथी वाचतात आणि ती मी वाचतो. वाचत होतो. पोथीवाचक असणं म्हणजे काय, हे गादीवर बसल्याशिवाय कळायचं नाही. चौरंगावर पोथी, शेजारी समई, गळ्यात हार, समोर अर्धं गाव. शाळेत ज्यांना मी घसा कोरडा करून ‘गप बसा’ म्हणायचो आणि तरी जे गप बसले नाहीत, तेच आता नातवंडं मांडीवर घेऊन मुकाट ऐकतात. माझा नियम एकच. अध्याय हातात घेतला की तो संपल्याशिवाय थांबायचं नाही. खोकला येवो, वीज जावो, माकड येवो. माकड खरंच आलं होतं एकदा. ते प्रसादाची केळी घेऊन गेलं, पण मी ओवी सोडली नाही.

गेल्या वर्षी मात्र दोन ओव्या सुटल्या. अक्षरं जरा हलली एवढंच. पण नेमक्या त्या दोन ओव्यांत राक्षस मरत होता. त्या गळाल्यामुळे राक्षस धडधाकट उभा आणि त्याची बायको विलाप करायला लागलेली, असा प्रकार झाला. बायकांच्या बाजूला कुजबूज झाली. दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या हॉटेलात व्यंकटराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, ‘सर लय थकले आता. आराम द्या त्यायला.’

हे व्यंकटराव माझ्याच वयाचे. पूर्णा जंक्शनवर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झाले आणि गावी येऊन राहिले. आवाज खणखणीत, त्यात शंका नाही. साधा चहा मागितला तरी कुठली तरी गाडी उशिरा येणार आहे असं वाटतं. पण आवाज म्हणजे वाचन नव्हे. मंदिराच्या मंडळींना हा फरक कळला नाही. त्यांनी बैठक घेतली आणि ठरवलं की यंदा सुरुवात सरांनी करावी, नागपंचमीपर्यंत बघू, न जमलं तर पुढचं व्यंकटराव बघतील. ‘बघू’ म्हणाले. बाजारात बैलाचे दात बघतात त्या सुरात म्हणाले.

अशा वेळी माझा भाचा हरिओम अमेरिकेहून सुटीला आला. तो तिकडे कॉम्प्युटरमध्ये आहे आणि रोज सकाळी मूठभर गोळ्या खातो. आमच्याकडे एवढ्या गोळ्या खाणाऱ्या माणसाला लोक बिस्किटचा पुडा घेऊन भेटायला जातात. हरिओम म्हणाला, ‘मामा, या आजारी माणसाच्या न्हाईत. म्हातारं होऊ नये म्हणून हायत.’ आणि जाताना त्यानं एक मोठी बरणी मला देऊन टाकली.

मी काही अडाण्यासारखी लगेच गोळी गिळली नाही. आधी मोबाइलवर अभ्यास केला. शरीरातल्या काही पेशी म्हाताऱ्या होतात, काम सोडतात, पण मरत नाहीत. नुसत्या बसून राहतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींना बिघडवतात. हे वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे थेट बसस्टँडचं हॉटेल आणि व्यंकटरावांची खुर्ची उभी राहिली. फळाफुलांत, भाज्यांत फ्लॅव्होनॉइड नावाचे पदार्थ असतात, त्यांतला क्वेर्सेटिन नावाचा एक पदार्थ अशा बसलेल्या पेशींना उठवून लावतो म्हणे. उंदरांत लावतो, माणसांत अजून नक्की नाही, असं खाली बारीक अक्षरात होतं. बारीक अक्षर तेव्हा मला दिसत नव्हतं.

प्रयोग म्हटला की मोजमाप आलं. शिवाय तुलनेसाठी, ज्याला गोळी मिळत नाही असा बरोबरीच्या वयाचा माणूसही लागतो. शास्त्राचा तसा दंडकच आहे. मी व्यंकटरावांची निवड केली. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर प्रयोग बिघडतो.

पहिली चाचणी तोलाची. पहाटे अंगणात डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डोळे उघडले तर कुंपणाबाहेर दोन म्हाताऱ्या हात जोडून उभ्या. सरांनी पावसासाठी व्रत धरलं, असा समज झाला होता. मी समजूत घालायला गेलो तर तोल गेला आणि तुळशीवृंदावनाला धडकलो. त्याच दिवशी दुपारी पाऊस पडला हा माझा दोष नाही. पण पुढे आठवडाभर दारात नारळ यायला लागले.

दुसरी चाचणी नजरेची: सुईत दोरा ओवायचा. माझं माझ्यापुरतं ठीक होतं, पण व्यंकटरावांचं मोजमाप कसं घ्यावं? एकदा हॉटेलात मी खिशातून सुई आणि दोरा काढला आणि म्हणालो, ‘जरा एवढं ओवून देता का?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुईकडे बघितलं, दोरा ओवून दिला आणि अत्यंत हळुवारपणे विचारलं, ‘वहिनी घरी न्हाईत का सर?’ दुपारपर्यंत बातमी झाली की सरांची बायको रुसून माहेरी गेली आणि सर आपली बटणं आपणच शिवायलेत. आमची मंडळी गिरणीत दळण घेऊन गेली तर बायकांनी तिलाच विचारलं, ‘कवा आलीस गं माघारी?’

आमच्या मंडळींचं नाव कडूबाई. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून आईबापांनी मुद्दाम असं नाव ठेवलं की मृत्यूलाही खावंसं वाटू नये. स्वभाव मात्र नावाच्या अगदी उलट आहे, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी दळणाचा डबा आपटून ती म्हणाली, ‘तुमी म्हातारे व्हा, न्हाईतर तरणे व्हा. माझी अब्रू नका घालवू.’

सल्ल्यांचं तर विचारूच नका. मी काहीतरी खातो आहे याचा वास गावाला लागला आणि ज्याच्या त्याच्याकडे तारुण्याचा नुस्खा निघाला. कुणी जवस म्हणालं, कुणी शेवग्याचा पाला. एकानं येलदरीच्या धरणातले मासे सुचवले. नजर घारीसारखी होते म्हणे. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला मासे सुचवणाऱ्या त्या गृहस्थांचं वय मी विचारलं. ते माझ्याहून बरेच लहान निघाले आणि त्यांना चष्मा होता.

पण मला फरक जाणवत होता, हे छातीवर हात ठेवून सांगतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी फडकं न लावता उघडायला लागलो. मंदिराच्या पायऱ्या कठड्याला न धरता चढायला लागलो. आरशात बघितलं की एक उमदा, थोडासा पिकलेला गृहस्थ दिसायचा, आणि त्याला बघून मला बरं वाटायचं. आणि अशा भरात माणूस बोलतो.

मी कांदेनवमीच्या दिवशी बोललो. एकादशी लागली की चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. म्हणून दोन दिवस आधी नवमीला माणसं पोटभर कांदा खाऊन घेतात. आमच्याकडे दरवर्षी पाच-सात माणसांचं जेवण असतं. कांद्याची भजी, भरले कांदे, कांद्याचं पिठलं, पातीचा झुणका, थालीपीठ. व्यंकटरावही होते. बोलावलं नसतं तर भ्यालो असं झालं असतं. भज्यांची दुसरी खेप आली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, ‘मंडळी, तुम्ही हे जे खाताय ना, त्यातला सगळ्यांत मोलाचा पदार्थ म्हणजे क्वेर्सेटिन. आणि माझ्या बरणीतल्या एका गोळीत तो केवढा असतो ठाऊक आहे? दोन किलो कांद्यात असतो तेवढा!’

सगळे थक्क झाले. व्यंकटरावांचं भजं हातातच राहिलं. कढईपाशी बसलेल्या आमच्या मंडळींनी एकदा वळून बघितलं. मला वाटलं, कौतुकानं बघितलं.

एकादशीच्या सकाळी मी साबुदाण्याच्या खिचडीबरोबर गोळी तोंडात टाकली.

‘अहो, काय गिळायलाव?’

‘गोळी.’

‘परवा म्हणलाव तीच? दोन किलो कांद्याची?’

‘कांद्याची नव्हे गं. कांद्यात असतो तो पदार्थ…’

‘एकादशीला दोन किलो कांदे!’ ती मटकन खाली बसली. ‘माझ्या बापानं मरताना औषधाला लसणाचा वास आला तर थुकून टाकलं. अन् माझा नवरा पोथी वाचणारा! थुका आधी.’

गोळी घशाखाली गेली होती. थुंकणं शास्त्रीयदृष्ट्या शक्य नव्हतं, हे मी समजावून सांगितलं. त्यानं वातावरण निवळलं नाही.

आता आमची मंडळी कुणाकडे बोलणारी बाई नव्हे. तिनं फक्त शेजारच्या भागम्माला विचारलं की असं झालं तर काय करावं. भागम्मानंही फक्त आपल्या मुलाला, लिंगराजला, त्याच्या मेडिकलमध्ये जाऊन विचारलं की सरांच्या गोळीत खरंच कांदा असतो का. आणि दुकानात त्या वेळी व्यंकटराव घसा साफ राहायच्या गोळ्या घेत होते. संध्याकाळी मी गादीवर बसलो तेव्हा समोरच्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर कांदा दिसत होता.

वाचन मात्र असं झालं की काय सांगू. एक ओवी सुटली नाही, एकदा अडखळलो नाही. राक्षस वेळेवर मेले, बायका नंतर रडल्या. अध्याय संपवून मी समोर पाहिलं तर व्यंकटराव उठून उभे.

‘वाचन झ्याक झालं सर. पण एक इचारतो. कांदा खाल्लेल्या तोंडानं पोथी वाचावी का?’

‘मी कांदा खाल्लेला नाही.’

‘कांद्याचा अर्क खाल्ला.’

‘अहो, साखर उसातून निघते. साखर खाल्ली म्हणजे ऊस खाल्ला का?’

‘उसाला चातुर्मासात मनाई न्हाई सर.’

‘बरं, गुळाची दारू होते. मग गूळ खाणारा दारुडा का?’

‘उलटं बोलायलाव सर. इथं दारू पिणारा म्हणायलाय, म्या तर नुसता गूळ खाल्ला.’

लोक हसले. माझ्या हाताखालून गेलेले लोक, ज्यांना मी मिश्रण आणि संयुग यातला फरक तळमळून शिकवला, ते हसले. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की या गोळीत कांदा नाही असा सरकारी दाखला आणून दाखवीन. नाही आणला तर गादी सोडीन. हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण माणसाच्या अंगात नवं रक्त आलं की अशी वाक्यं येतात.

दुसऱ्या दिवशी बरणी पिशवीत घालून एसटीनं परभणीला गेलो. अन्नपदार्थांचं बघतात अशा एका कार्यालयात शिरलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे यात कांद्याची भेसळ हाय, अशी तक्रार हाय तुमची?’

‘नाही. यात कांदा नाही, असं लिहून हवंय.’

‘मग तक्रार काय हाय?’

‘तक्रार नाहीच.’

‘तक्रार न्हाई तर अर्ज कशावर घ्यायचा?’ त्यांनी बरणी फिरवून बघितली. ‘बिल कुठाय?’

‘भाच्यानं दिली. अमेरिकेहून.’

‘बिल न्हाई, देशी शिक्का न्हाई. सर, तुमी शिक्षक दिसतात म्हणून सांगतो, ही बरणी घेऊन हितं जास्त येळ बसू नका.’ आणि मग फार मोठा उपकार करावा तसे म्हणाले, ‘कांद्याचा विषय बाजार समितीकडं असतो.’

बाजार समितीत मला कुणी हुसकावलं नाही. उलट चहा दिला. मग एकानं विचारलं, ‘माल किती क्विंटल हाय?’ मी बरणी टेबलावर ठेवली. त्यांनी ती हलवून आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘वाळलेला दिसतोय.’

रिकाम्या हातानं परत आलो. एसटीत खिडकीशी बसून विचार करत होतो की एवढं आयुष्य शिकवण्यात गेलं, आणि माझ्या तोंडात काय आहे हे सांगायला मला दाखला लागतो. फार वाईट वाटलं. गोळ्या सोडाव्यात म्हटलं तर नजर परत हलणार आणि गादी जाणार. खाव्यात म्हटलं तर कांद्यापायी गादी जाणार. घरी मंडळी माझं ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. चूल पेटवताना, कपडे वाळत घालताना, देवाला फूल वाहताना, सगळीकडे तिची पाठ दिसायची.

तेवढ्यात आमचे माऊली महाराज गावात आले. महाराज वयानं तरुण, कीर्तनाला स्वतः गाडी चालवत येतात, आणि त्यांचा शब्द पंचक्रोशीत मानतात. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘दाखला कशाला पायजे? बरणीवर लिहिलेलंच असतंय की, कशापासून केलीय ते. सर, आज पोथी झाल्यावर बरणी घेऊन या. सगळ्यांसमोर वाचा.’

हे मला आधी कसं सुचलं नाही? बरणीच्या मागे मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं होती. मी कधी त्यांच्या वाटेला गेलो नव्हतो. म्हणजे एका दगडात दोन पक्षी. कांदा नाही हेही सिद्ध होईल, आणि ती अक्षरं चष्म्याशिवाय वाचून गोळीचा गुण चारचौघांत दाखवता येईल. त्या संध्याकाळी पोथी संपल्यावर मी चष्मा काढला, घडी घालून सगळ्यांना दिसेल असा चौरंगावर ठेवला आणि बरणी समईजवळ धरली.

अक्षरं दिसली. देवाशपथ दिसली. सभेत एक हुंकार उठला. मी पोथीच्याच आवाजात एक शब्द इंग्रजी, एक शब्द मराठी असा अर्थ सांगत वाचायला लागलो. ‘हा पदार्थ सोफोरा नावाच्या झाडाच्या फुलांच्या कळ्यांपासून काढलेला आहे.’ फुलांच्या! झाडाच्या! मी थांबलो नाही, पण एक नजर व्यंकटरावांकडे टाकली. त्यांनी मान खाली घातली होती. बायकांच्या बाजूला आमच्या मंडळींनी कितीतरी दिवसांनी माझ्याकडे तोंड केलं होतं, आणि त्या तोंडावर हसू होतं. इथं थांबायला हवं होतं. पण हातात घेतलेला अध्याय मी अर्ध्यात सोडत नाही. मी त्याच सुरात पुढे वाचलं, ‘इतर घटक. गोळीचं वेष्टन. जिलेटिन.’



‘जिलेटिन?’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘हिरीत सुरुंगाला लावतेत ते?’

‘ते येगळं,’ लिंगराज म्हणाला. बिचारा माझा विद्यार्थी. माझ्या मदतीला म्हणूनच बोलायला उठला होता. ‘हे कॅप्सूलच्या टरफलाचं. हे जनावराच्या हाडातनं, कातड्यातनं…’ आणि आपण काय बोललो हे कळून तो जीभ चावून खाली बसला.

कांद्यातून सुटलो आणि हाडात अडकलो. कांदा तरी कांदेनवमीपर्यंत चालत होता. गळ्यातली माळ मला एकाएकी जड वाटायला लागली. महाराज डोळे मिटून म्हणाले, ‘अजाणता झालंय. सरांच्या मनात पाप न्हाई. एक उपास करा, नामस्मरण करा, धुऊन जाईल. पण गादीचा मान राखायला लागंल. यंदा गादी दुसऱ्या कुणाला द्या.’

मी चष्मा उचलला आणि गादीवरून उठलो. ज्या पायऱ्या मी कठड्याला न धरता चढलो होतो त्या कठड्याला धरून उतरलो. रात्री आमच्या मंडळींनी बरणी उकिरड्यात रिकामी केली आणि मला डोक्यावरून गार पाण्यानं आंघोळ घातली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव नवं धोतर नेसून गादीवर बसले. मी शेवटच्या ओळीत, खांबाला टेकून. आयुष्यात पहिल्यांदा मी ऐकणाऱ्यांत होतो. न जाण्याचा विचार होता, पण मंडळी म्हणाली, ‘गादी गेली, देव कुठं गेला? चला गुमान.’

व्यंकटरावांनी पहिली ओवी घेतली आणि मारुतीरायासुद्धा दचकला असेल. आवाज पार एसटी स्टँडपर्यंत गेला. पण आमची पोथी जुन्या छापाची. तिच्यात शब्द एकमेकांना चिकटलेले; कुठे जोडायचं आणि कुठे तोडायचं हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. व्यंकटराव जिथं ओळ संपेल तिथं थांबायचे, जशी गाडीच तिथं थांबते. राजाचं अर्धं नाव एका ओळीत, अर्धं दुसऱ्या ओळीत. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

‘तितं न्हाई तोडायचं भाऊजी. पुढच्या शब्दाला धरून घ्या.’

आवाज ओळखीचा होता. व्यंकटरावांनी दुरुस्ती केली. पुढच्या ओवीला पुन्हा, ‘अंहं, ते दोन शब्द हायत.’ त्याच्या पुढच्या ओवीला त्यांनी वाचण्याच्या आधीच बायकांकडे बघितलं. शेवटी त्यांनी पोथीवरचा हात काढला आणि घाम पुसत, सगळं गाव ऐकत असताना, साध्या आवाजात म्हणाले, ‘महाराज, हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. वहिनींना येतंय.’ माणूस खरा निघाला, हे मला इथं नमूद केलंच पाहिजे.

‘बाई, तुमीच या पुढं,’ महाराज म्हणाले.

एकदोन मंडळींनी घसे खाकरले. बाईमाणूस गादीवर कधी बसलं नव्हतं. महाराजांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. आमची मंडळी पदर सावरत उठली, पोथीला डोकं टेकवलं, गादीवर बसली. चौथी शिकलेली बाई. मी खांबाला घट्ट धरलं. ती अडखळली असती तर मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं असतं, माझ्या दोन ओव्या सुटल्या तेव्हा वाटलं नाही एवढं.

ती अडखळली नाही. इतकी वर्षं मी दुपारी ओसरीवर मोठ्यानं सराव करायचो आणि ही आत धान्य निवडत असायची. मला वाटायचं, ती धान्य निवडते आहे. पानावर तिची नजर असून नसल्यासारखी होती. ओव्या तिच्या तोंडी आधीच येऊन बसलेल्या होत्या. ज्या जागा मी घाईनं उरकत आलो, तिथं ती थांबली. राक्षस मेला आणि त्याची बायको रडायला लागली तेव्हा आजपर्यंत मला कधी त्या राक्षसिणीचं वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. सगळ्या मंदिराला वाटलं. शेजारच्या माणसाला मी कोपर मारून सांगितलं की माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालंय तिला. त्यानं मान हलवली, पण तो माझं ऐकत नव्हता, आणि मग मलाही आपण काय बोलतोय ते ऐकावंसं वाटेना. ऊर नुसता भरून आला होता. गादीवर मी असताना असा कधी भरला नव्हता.

बाहेर जिंतूरकडे जाणारी एसटी पंक्चर होऊन उभी होती. त्यातला एक प्रवासी भोंग्यावरचा आवाज ऐकून आत आला, चपला काढून माझ्याजवळ बसला आणि दोन-चार ओव्या ऐकून हळूच म्हणाला, ‘लय ग्वाड वाचायलीय. काका, पोरगी का तुमची?’

मी त्याच्याकडे पाहिलं. गादीकडे पाहिलं. समईच्या उजेडात ती खरंच तेवढीच दिसत होती.

‘बायको हाय,’ मी म्हणालो. त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणालो, ‘माझी बायको हाय ती!’

पोथी थांबली. सगळ्या माना मागे वळल्या. गादीवरून तिनं माझ्याकडे अशी नजर लावली की वर्गावर मला कधी तशी लावता आली नाही.

‘ते मागचे, कोण बोलायलेत? पोथी चालू हाय. गप बसा.’

मी मुकाट्यानं हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं, आणि त्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.